उंच वाढलेल्या आणि टोकालाच फळ देणाऱ्या कॉफीच्या झाडांची छाटणी

आपल्या प्रश्नातील स्थिती अशी आहे: अरेबिका या कॉफीच्या प्रकाराची सुमारे आठ वर्षांची झाडे शेंडा न खुडता वाढू दिली गेली आणि ती आता नऊ-दहा फुटांपर्यंत पोचली आहेत; खालचे खोड उघडे पडले असून फळे वरच्या भागात आणि फांद्यांच्या टोकांनाच लागतात; मागच्या हंगामात पीक भरघोस आले, पण त्यानंतर पानगळ झाली आणि पुष्कळ फांद्या टोकाकडून वाळू लागल्या. बागेच्या एका भागात रोबस्टा हा कॉफीचा दुसरा प्रकारही आहे. सर्व झाडे एकदम बुंध्यापासून कापावीत, की चहूबाजूंनी टोके छाटून त्यांना आकार द्यावा, आणि हे काम कोणत्या वेळी करावे, असे आपण विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो. टोके छाटून आकार देणे हा आपल्यापुढील पर्यायांपैकी सर्वांत तोट्याचा आहे आणि सर्व झाडे एकाच वर्षी बुंध्याशी कापणे हा त्याखालोखाल तोट्याचा. जुने खोड अजून फळ देत असतानाच त्याच्या बुंध्यातून नवे खोड उभे करावे आणि मग जुनी खोडे टप्प्याटप्प्याने, काही ओळी या वर्षी आणि काही पुढच्या वर्षी, काढून टाकावीत, हा मार्ग मला योग्य वाटतो. असे का, हे कॉफीच्या फांद्यांची रचना समजल्याशिवाय पटणार नाही, म्हणून प्रथम त्याविषयी लिहितो.

कॉफीच्या झाडाला दोन निरनिराळ्या प्रकारची वाढ असते. मूळ खोड आणि खोडातून निघणारे पाणसोट, म्हणजे जोमदार उभे फुटवे, सरळ वर वाढतात, आणि फळ देण्याचे काम त्यांचे नसते. उभ्या खोडाच्या प्रत्येक पेरावर समोरासमोर दोन पाने असतात आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यात एकाखाली एक असे अनेक डोळे असतात. त्यांपैकी सर्वांत वरच्या डोळ्यातून आडवी फांदी निघते, आणि फळ याच आडव्या फांद्यांवर व त्यांच्या उपफांद्यांवर धरते. प्रत्येक बेचक्यात असा डोळा एकच असतो. त्यातून निघालेली आडवी फांदी वाळली, मोडली किंवा खोडाशी कापली गेली, तर त्या जागी पुन्हा आडवी फांदी येत नाही. खालचे उरलेले डोळे फुटले तरी त्यांतून उभे पाणसोटच निघतात. हा भेद इतका पक्का आहे की आडव्या फांदीच्या काडीला मुळे फुटवून ती लावली, तरी तिच्यापासून सरळ झाड होत नाही, जमिनीलगत पसरणारे झुडूप होते. आपल्या झाडांचे उघडे पडलेले खोड खत, पाणी किंवा फवारणी यांपैकी कशानेही पुन्हा फांद्यांनी भरून येणार नाही, ते याच कारणाने.

दुसरी बाब फळ धरण्याच्या जागेची. फुलकळ्या येतात त्या मुख्यतः मागील हंगामात वाढलेल्या कोवळ्या लाकडावर. एकदा फळ देऊन गेलेल्या पेरावर अरेबिकात पुन्हा फारच थोडे फळ येते आणि रोबस्टात जवळजवळ येतच नाही. त्यामुळे फळाचा पट्टा दरवर्षी खोडापासून दूर आणि वर सरकत जातो, आणि आत उरते ते नुसते लाकूड, ज्याला पोसण्याचा खर्च झाडाला करावाच लागतो. आता कुंपणाच्या मेंदीसारखी चहूबाजूंनी टोके छाटली तर काय होईल, हे लक्षात येईल. जे कोवळे लाकूड येत्या हंगामाचे फळ देणार होते नेमके तेच कापले जाईल, कापलेल्या टोकांमागून केरसुणीसारखे बारीक फुटवे दाटतील, त्यांची सावली आत पडेल आणि आतल्या फांद्या आणखी लवकर वाळतील. छाटणी दिसायला नीटस, परंतु पुढील दोन वर्षांचे पीक गमावणारी, अशी तिची फलश्रुती असते.

भरघोस पिकानंतर फांद्या का वाळल्या, तेही याच रचनेशी जोडलेले आहे. पुष्कळ फळझाडे पेलवणार नाहीत इतकी फळे लहानपणीच गाळून टाकतात. कॉफी हे फारसे करत नाही. फलधारणा झाली की झाड शक्य तितकी सर्व फळे पिकवण्याचा प्रयत्न करते आणि त्यासाठी लागणारी शर्करा आधी पानांकडून, मग फांद्या व खोडातील साठ्याकडून आणि शेवटी मुळांच्या वाट्यातून ओढली जाते. बारीक मुळे मरतात, पाने पिवळी होऊन गळतात, टोके वाळतात, आणि त्या वर्षी नवे लाकूड वाढलेलेच नसल्यामुळे पुढच्या वर्षी फळ लागण्यास जागाच उरत नाही. एक वर्ष भरघोस आणि एक वर्ष रिकामे हे चक्र असे चालू होते. याला रोग समजून बुरशीनाशके फवारणारे अनेक बागायतदार मी पाहिले आहेत. अशा अशक्त झाडावर बुरशी येते हे खरे, पण ती बहुतेकदा नंतर आलेली असते. फळांचा भार आणि पानांचे क्षेत्र यांचा मेळ ठेवणे हे छाटणीचे मुख्य काम आहे. झाडाची उंची आवाक्यात ठेवणे हा त्याचा सोयीचा पण दुय्यम भाग होय.

कात्री हातात घेण्यापूर्वी बागेच्या निरनिराळ्या भागांतील काही झाडांजवळ उभे राहून दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, जिवंत आडव्या फांद्यांची सर्वांत खालची जोडी जमिनीपासून किती उंचीवर आहे. दुसरी, याच हंगामात आडव्या फांद्यांच्या टोकांना हिरवी, कोवळी वाढ किती पेरांची झाली आहे. खालची जोडी गुडघा-मांडीच्या उंचीवर असेल, तर ते झाड शेंडा कापून आणि आतून विरळ करून अजून काही वर्षे चांगले चालेल. ती छातीच्या वर असेल, तर शेंडा कापून काहीच साधत नाही, कारण दीड मीटरवर कापल्यावर खाली फळ देणारे काही उरतच नाही, केवळ खांब उरतो. अशा झाडाला नवे खोडच हवे. नवी वाढ दोन-तीन पेरांचीच असेल, तर झाड दमलेले आहे असे समजावे, आणि दमलेल्या झाडावर मोठी छाटणी करण्याची घाई करू नये. खोडातील साठ्याचा अंदाज घ्यावयाचा असल्यास एखाद्या जाडसर फांदीच्या ताज्या कापावर आयोडिनचे थेंब टाकून पाहावेत. पिष्ट भरपूर असेल तर काप काळसर निळा होतो, नसेल तर आयोडिनचाच पिवळट तपकिरी रंग राहतो. बुंध्याशी कापलेल्या झाडाला पाने नसतात. त्याचे पहिले फुटवे सर्वस्वी या साठ्यावर वाढतात, आणि साठा नसलेला खुंट मरतो.

वेळेचा नियम सरळ आहे. तोडणी संपल्यावर आणि पुढील फुलोरा येण्यापूर्वी झाड तुलनेने विसाव्यात असते, त्या काळात मुख्य छाटणी करावी. कॉफीच्या कळ्या कोरड्या काळात सुप्त राहतात आणि चांगला पाऊस किंवा सिंचन मिळाल्यानंतर साधारण आठ-दहा दिवसांत उमलतात, म्हणून पहिल्या पावसाच्या आत काम आटोपलेले बरे. बुंध्याची छाटणी कोरड्या काळाच्या अखेरीस केल्यास नवे फुटवे पावसाबरोबर येतात, तर जखमा कोरड्या हवेत भरून येण्यास सुरुवात झालेली असते. जेथे थंडीत दहिवर गोठते, तेथे तो धोका टळेपर्यंत थांबावे. कोवळे फुटवे त्याने जळतात. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत वर्षातून दोनदा फुलोरा येतो आणि पूर्ण रिकामा काळ मिळत नाही. तेथे मोठ्या पिकाच्या तोडणीनंतरचा काळ धरावा. पाणसोट काढणे मात्र वाढीच्या हंगामात दर सहा-आठ आठवड्यांनी चालूच ठेवावे लागते.

कामाचा क्रम साफसफाईपासून सुरू करावा. वाळलेल्या फांद्या, म्हणजे सल, जिवंत लाकडापर्यंत मागे काढाव्यात. एकमेकींवर घासणाऱ्या, खोडाकडे उलट वळलेल्या आणि जमिनीला टेकणाऱ्या फांद्या काढाव्यात. खोडाभोवती साधारण १५ सेंटिमीटरपर्यंतचा आतला भाग उपफांद्यांपासून मोकळा करावा, कारण तेथील फुटव्यांना प्रकाश मिळत नाही आणि ते फळ न देता केवळ जागा अडवतात. आडव्या फांदीच्या एकाच पेरावर अनेक उपफांद्या दाटल्या असतील तर एक-दोन सशक्त ठेवून बाकीच्या काढाव्यात, आणि त्या ठेवताना एकीआड एक दोन्ही बाजूंना येतील असे पाहावे. वर्षभर चालणाऱ्या छाटणीचा खरा फायदा या विरळणीतच आहे. आत पोचणारा प्रकाश कळ्या धरण्यास लागतो, आणि हवा खेळती राहिली की पाने लवकर सुकतात. हे सुकणे महत्त्वाचे आहे, कारण तांबेरा या पानांवरील बुरशीजन्य रोगाचे बीजाणू पानाच्या खालच्या बाजूस पाण्याचा थर टिकून राहिला तरच रुजतात. ज्या तांबेऱ्याने १८६९ पासून सिलोनमधील, म्हणजे आजच्या श्रीलंकेतील, कॉफीचा व्यवसाय उद्ध्वस्त केला तो केवळ छाटणीने आटोक्यात येत नाही, पण दाट, ओल्या झाडावर फवारणीही नीट पोचत नाही, हे ध्यानात असावे.

शेंडा कापण्याविषयी थोडे सांगतो, कारण खाली फांद्या शाबूत असलेली काही झाडे आपल्या बागेत असतील. अरेबिकाच्या उंच वाढणाऱ्या जातींचा शेंडा साधारण दीड मीटरवर, पेराच्या थोडा वर कापावा. त्या सर्वांत वरच्या पेरावरील दोन आडव्या फांद्यांपैकी एक खोडाशी काढून टाकावी. दोन्ही ठेवल्यास फळांच्या भाराने खोड मधोमध चिरते. कापल्यानंतर पाणसोट हमखास फुटतात. ते वीतभर लांबीचे होण्याआधी हाताने, मुळाशी धरून खाली ओढून काढावेत, म्हणजे खोडावर ठुसका राहत नाही आणि तेथून पुन्हा झुबका फुटत नाही.

आता मुख्य कामाकडे, म्हणजे खोड बदलण्याकडे वळू. ज्या ओळी यंदा घ्यावयाच्या त्या एका वर्षात एकूण झाडांच्या चौथ्या किंवा पाचव्या हिश्शाहून अधिक नसाव्यात, आणि सुरुवात सर्वांत उघड्या पण अजून ताकद असलेल्या झाडांपासून करावी. पूर्ण दमलेल्या झाडांना प्रथम एक वर्ष भार हलका करून, म्हणजे वाळलेले काढून, आतून विरळ करून आणि पुरेसे अन्न देऊन सावरू द्यावे. निवडलेल्या झाडाच्या वरच्या भागातील काही फांद्या विरळ कराव्यात, जेणेकरून बुंध्यावर प्रकाश पडेल. बुंध्यावर प्रकाश पडला की पाणसोट फुटतात. जमिनीपासून एक फुटाच्या आत फुटलेले दोन किंवा तीन सशक्त पाणसोट निरनिराळ्या दिशांना ठेवून बाकीचे काढावेत. जुने खोड एक पीक अजून देते, आणि त्याच्या तोडणीनंतर ते नव्या खोडांच्या किंचित वर करवतीने तिरपे कापून टाकावे. तोपर्यंत नवी खोडे स्वतःच्या पानांवर उभी असतात, मुळांना अन्न मिळणे थांबत नाही आणि पिकात पडणारा खंड पुष्कळ लहान होतो.

ज्या झाडांना जुने खोड उभे असताना बुंध्यातून पाणसोट फुटत नाहीत, किंवा लागवड इतकी दाट आहे की बुंध्यावर प्रकाश पोचूच शकत नाही, तेथे थेट बुंध्याची छाटणी करावी. कापाची उंची ३० ते ४५ सेंटिमीटर ठेवावी, काप तिरपा असावा म्हणजे पाणी साचत नाही, आणि कापलेल्या जागेवर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद व चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावावी. शक्य असेल तेथे खाली एखादी हिरवी फांदी किंवा एक जुने खोड काही महिने तसेच ठेवावे. केनियातील बहुखोडी पद्धतीत अशा राखलेल्या खोडाला झाडाचे फुप्फुस म्हणतात. दोन-तीन महिन्यांत खुंटावर पुष्कळ फुटवे येतात. ते वीत-दीड वीत झाले की प्रथम चार-पाच ठेवावेत आणि पुढे दोन-तीनवर आणावेत. निवड करताना कापाच्या अगदी काठाशी आलेला फुटवा, तो सर्वांत जोमदार दिसत असला तरी, घेऊ नये. खुंटाचे टोक काही अंतर वाळत खाली येते आणि तो फुटवा वाऱ्यात खुंटापासून सुटतो. त्याखालून, बोटभर तरी अंतर सोडून निघालेला फुटवा टिकतो. पहिले थोडे फळ दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस दिसते आणि चांगले पीक तिसऱ्या वर्षी येते, असे धरून हिशेब करावा.

जगभर या खोडबदलाच्या निरनिराळ्या पद्धती रूढ आहेत आणि त्या एकमेकींच्या जागी जशाच्या तशा वापरता येत नाहीत. हवाईत ब्यूमाँट-फुकुनागा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत एकेक संपूर्ण ओळ ठरलेल्या वर्षी बुंध्याशी कापली जाते आणि काही वर्षांत चक्र पूर्ण होते. मजुरांना झाडागणिक निर्णय घ्यावा लागत नाही, हा तिचा मोठा गुण. ब्राझीलमध्ये भरघोस पिकानंतर सर्व आडव्या फांद्या खोडापासून २० ते ४० सेंटिमीटरवर कापून एक वर्ष पीकच घ्यावयाचे नाही आणि त्याच्या पुढील वर्षी एकदम मोठे पीक घ्यावयाचे, अशी पद्धत आहे. एक वर्षाआडच्या पिकाशी भांडण्याऐवजी तिने ते चक्र स्वीकारलेले आहे. ती मला हुशारीची वाटते, पण तिला खालपासून वरपर्यंत जिवंत आडव्या फांद्या, भरपूर ऊन आणि भरपूर खत यांची गरज असते. आपल्या झाडांना खाली फांद्याच नाहीत, त्यामुळे तिचा मोह धरू नये.

अवजारांबाबत आग्रह धरावा असा एकच मुद्दा आहे: कात्री आणि करवत धारदार असाव्यात आणि रोगट झाडावरून पुढच्या झाडावर जाताना त्या निर्जंतुक कराव्यात. कोलंबियात सेराटोसिस्टिस बुरशीमुळे होणारा खोडाचा रोग छाटणीच्या जखमांतून आणि अवजारांतूनच पसरतो. ओले झाड कापू नये. बुंध्याशी कापण्यापूर्वी झाडावरील आणि जमिनीवरील राहिलेली सर्व फळे वेचून काढावीत, नाहीतर त्यांतील फळपोखर भुंगेरे शेजारच्या ओळींवर जातात. आशियातील कॉफीच्या पट्ट्यात अरेबिकाला पांढऱ्या खोडकिड्याचा उपद्रव असतो. त्याची मादी उन्हात तापलेल्या खोडाच्या सालीतील भेगांत अंडी घालते, म्हणून तेथे झाड आतून मोकळे करताना मुख्य खोड पूर्ण उन्हात उघडे पडणार नाही आणि सावलीची झाडे त्याच वर्षी जोराने छाटली जाणार नाहीत, हे पाहावे. किडलेली खोडे बागेत रचून ठेवू नयेत. त्यांतून भुंगेरे बाहेर येतच राहतात, ती जाळून टाकावीत. निरोगी फांद्यांचे तुकडे मात्र ओळींमध्ये आच्छादन म्हणून उपयोगी पडतात.

खताच्या बाबतीत उतावीळपणा नको. बुंध्याशी कापल्यावर बारीक मुळांचा मोठा भाग मरतो, आणि पाने नसलेल्या खुंटाला दिलेले नत्र बहुतांशी वाहून जाते किंवा तणांना मिळते. नव्या फुटव्यांवर काही जोड्या पाने आल्यावर, विभागून, थोडे थोडे द्यावे. जमीन अचानक उन्हात उघडी पडल्यामुळे पहिल्या वर्षी तण फार माजते, त्याचा बंदोबस्त आच्छादनाने करणे खोदण्यापेक्षा चांगले, कारण कॉफीची अन्नमुळे वरच्या थरातच असतात.

रोबस्टाला हे सर्व लागू आहे, पण काही फरकांसह. तिचा स्वभाव मुळातच अनेक खोडांचा असतो, आणि फळ देऊन झालेल्या आडव्या फांद्या ती पुष्कळदा स्वतःच वाळवून टाकते. म्हणून दर तोडणीनंतर त्या झटपट काढून टाकाव्यात आणि एका बुंध्यावर तीन-चार खोडे राखून दरवर्षी सर्वांत जुने एक काढत जावे, म्हणजे पीक पूर्ण कधीच थांबत नाही. शिवाय रोबस्टा स्वतःच्या परागाने फळत नाही, तिला वेगळ्या झाडाचा पराग लागतो. अरेबिकात ही अडचण नाही. त्यामुळे रोबस्टाचा सलग पट्टा एकदम कापल्यास कडेला उरलेल्या झाडांनाही फलधारणा कमी होते. कापावयाची झाडे ओळीआड निवडावीत आणि फुलणारी झाडे त्यांच्यामध्ये विखुरलेली राहतील असे पाहावे. रोबस्टाच्या बारीक फांद्यांत टाचणीच्या अग्राएवढे छिद्र आणि त्यापुढील भाग सुकलेला दिसला, तर तो फांदीपोखर भुंगेरा असतो. छिद्राच्या काही इंच मागे कापून ते तुकडे लगेच जाळावेत.